शांताल : एका जहागिरीचे नाव मुलींचे कसे झाले आणि का ओसरले

नामवेध

फ्रान्समध्ये आज सत्तरीच्या आसपास असलेल्या स्त्रियांच्या कोणत्याही घोळक्यात एखादी तरी शांताल निघतेच; विशीच्या आतल्या मुलींमध्ये मात्र हे नाव शोधूनही सापडणे कठीण. नावे येतात आणि जातात, हे खरे असले तरी शांतालची गोष्ट मला वेगळी वाटते, कारण हे मुळात कुणा बाईचे नावच नव्हते. ते एका जागेचे नाव होते, नंतर जहागिरीचे झाले, मग एका संत स्त्रीच्या नावामागची ओळख म्हणून उरले आणि विसाव्या शतकात मुलींच्या बारशाला येऊन पोहोचले.

ऑक्सितान भाषेत, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या जुन्या भाषेत, 'कांताल' म्हणजे मोठा दगड किंवा शिळा, असा त्याचा उगम सामान्यतः सांगितला जातो. ओव्हेर्न्यमधील ज्वालामुखीय डोंगररांग आणि तिच्यावरून नाव पडलेला कांताल जिल्हा याच कुळातले मानले जातात. लॅटिनमधल्या 'का'चा उत्तरेकडच्या फ्रेंचमध्ये 'शा' होतो; 'कांपुस'चे 'शां' झाले, 'कांतारे'चे 'शांते' झाले, त्याच वाटेने 'कांताल'चे 'शांताल'. मुलांच्या नावांच्या बाजारू पुस्तकांत याचा अर्थ 'गाणारी' असा दिलेला असतो. ऐकायला तो गोड आहे, पण त्याला आधार फक्त ध्वनिसाम्याचा आहे.

बरगंडी प्रांतात शांताल नावाची एक जहागीर होती आणि ती राब्युतां घराण्याकडे होती. दिजों येथे २३ जानेवारी १५७२ रोजी जन्मलेल्या झान फ्रेमियो हिचा विवाह १५९२ मध्ये क्रिस्तोफ द राब्युतां, म्हणजे शांतालचे बॅरन, यांच्याशी झाला. १६०१ मध्ये शिकारीच्या वेळी सोबत्याच्या बंदुकीची गोळी लागून ते दगावले आणि चार मुले पदरात असलेली झान तिशीच्या आतच विधवा झाली. १६०४ च्या उपवासकाळात दिजोंमध्ये प्रवचनांसाठी आलेल्या फ्रांस्वा द साल यांच्याशी तिची भेट झाली, आणि १६१० मध्ये या दोघांनी सावोयमधील आनसी येथे 'व्हिजिटेशन' हा स्त्रियांचा धर्मसंघ स्थापन केला. ती घर सोडून निघाली तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा मुलगा सेल्स-बेनिन्य उंबरठ्यावर आडवा पडला आणि ती त्याला ओलांडून गेली, हा प्रसंग तिच्या प्रत्येक चरित्रात येतो. चरित्रकार त्यात वैराग्य पाहतात. मला तो मुलगा अधिक आठवतो. पुढे १६२७ मध्ये रे बेटावर इंग्रजांशी लढताना तो मारला गेला. मागे राहिलेली त्याची तान्ही मुलगी म्हणजे मारी द राब्युतां-शांताल, जिला फ्रेंच साहित्य मादाम द सेव्हिन्ये म्हणून ओळखते. सतराव्या शतकातील सर्वांत गाजलेली पत्रलेखिका या संत स्त्रीची नात होती, ही गोष्ट फ्रान्सबाहेर फारशी सांगितली जात नाही.

झान १६४१ मध्ये मूलां येथे वारली, तेव्हा तिच्या संघाचे ऐंशीहून अधिक मठ झाले होते. चर्चने १७५१ मध्ये तिला 'धन्य' आणि १७६७ मध्ये 'संत' घोषित केले. फ्रान्समध्ये झान नावाच्या संत स्त्रियांची वाण नव्हती. त्यामुळे वेगळेपणा दाखवणारा 'शांताल' हाच शब्द तिच्यासाठी वापरला जाऊ लागला. तरीही एकोणिसाव्या शतकात तो आडनावासारखाच ऐकू येत असे. मोपासांच्या १८८६ च्या 'मादम्वाझेल पेर्ल' या कथेत शांताल हे एका खात्यापित्या कुटुंबाचे आडनाव आहे. बेर्नानोसच्या १९२९ च्या 'ला झ्वा' या कादंबरीत मात्र शांताल ही नायिका आहे आणि शांताल हेच तिचे पाळण्यातले नाव आहे. या दोन तारखांच्या मधल्या काळात हे संक्रमण घडले.

आता खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. फ्रेंच सांख्यिकी संस्था 'इन्से' हिच्याकडे १९०० पासूनच्या जन्मनोंदींतील नावांची वर्षवार जंत्री आहे आणि ती कुणालाही उतरवून घेता येते. तीत शांतालची रेघ विसाव्या शतकाच्या आरंभी जमिनीला चिकटलेली दिसते, १९३० च्या दशकात उचलते, युद्धकाळातही चढत राहते, १९५० च्या आसपास शिखर गाठून पहिल्या दहा नावांत जाऊन बसते आणि साठच्या दशकात जी घसरते ती १९८० पर्यंत जवळजवळ शून्यावर येते. हा चढउतार मला वर्गाच्या जिन्यावरून खाली उतरत गेलेल्या नावाचा वाटतो. फिलिप बेनार आणि गी देप्लांक या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की फ्रान्समध्ये नवे नाव बहुधा आधी वरच्या स्तरात रुजते, मग मधल्या नोकरदारांत येते आणि त्यानंतर कामगार व शेतकऱ्यांत पोहोचते. आणि ते खाली पोहोचेपर्यंत वरच्यांनी ते टाकून दिलेले असते. शांतालची सुरुवात खानदानी कॅथलिक घरांत झाली. गादी गेलेल्या फ्रेंच राजघराण्यातही १९४६ मध्ये जन्मलेल्या एका राजकन्येचे नाव शांतालच ठेवले गेले. पण तोवर ते बेकरीवाल्याच्या घरीही पोहोचले होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे 'मारी-शांताल'. १९५० च्या दशकात नर्तक आणि लेखक झाक शाझो याने याच नावाचे एक विनोदी पात्र गाजवले : पॅरिसच्या श्रीमंत वस्तीतली, अति नाजूक बोलणारी आणि जगाची काडीचीही माहिती नसलेली तरुणी. १९६५ मध्ये क्लोद शाब्रोलने तिच्यावर चित्रपटही काढला. फ्रेंच बोलण्यात 'ती अगदी मारी-शांताल आहे' हा टोमणा आजही समजतो. खुद्द शांताल हे नाव तोवर सर्वांचे झाले होते. 'मारी' जोडल्यावर मात्र त्याला उच्चभ्रूपणाचा वास येई. एकाच नावाची ही दोन रूपे एकाच काळात दोन वेगळ्या वर्गांत वावरत होती, आणि मला या धाग्यात चर्चा हवी आहे ती याचीच.

चिंचेचे_पान

लेख आवडला. एक शंका विचारतो, बाळबोध वाटली तर सोडून द्या. बेलूरच्या देवळाशी जिचे नाव जोडलेले आहे ती होयसळांची राणी शांतला आणि ही शांताल, यांचा काही धागा जुळतो का? व्हॉट्सॅपवर सगळी युरोपीय नावे संस्कृतातून निघाल्याचे संदेश फिरत असतात, म्हणून विचारले.

नामवेध

काहीही संबंध नाही. फ्रेंच उच्चारात पहिले अक्षर अनुनासिक आहे आणि भर शेवटच्या अवयवावर पडतो. मूळ शब्दातला आरंभीचा ध्वनी तर 'क' आहे. मात्र फ्रान्समध्ये 'शांताला' हा शब्द भारतातूनच गेलेला आहे आणि तो वेगळ्याच कारणाने. फ्रेडेरिक लेबोये या प्रसूतितज्ज्ञाने कलकत्त्यात एका आईला आपल्या बाळाला तेल लावून चोळताना पाहिले, तिचे नाव शांतला होते, आणि तिच्याच नावाने त्याने १९७६ मध्ये तान्ह्या बाळांच्या मालिशवर पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हापासून त्या मालिशलाच तिकडे शांताला म्हणतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत रोज सकाळी चालणारे काम तिकडे शुल्क भरून शिकवले जाते.

मांडवीतीर

नामवेध यांस, संताच्या गावाचे नाव व्यक्तिनाम होणे आम्हा गोवेकरांना मुळीच नवे नाही. ज्यांचे शव जुन्या गोव्यातील बॉ जेझूस बासिलिकेत आहे आणि ज्यांचे फेस्त ३ डिसेंबरला असते, त्या फ्रान्सिस झेवियर यांचे 'झेवियर' हे नाव मुळात नव्हारेतील हाव्हियेर या गढीचे आहे. बास्क भाषेतल्या 'एचे बेरी', म्हणजे 'नवे घर', या शब्दांपासून ते आले. १६२२ मध्ये ते संत घोषित झाले आणि त्यानंतर त्या गढीचे नाव स्पेनपासून गोव्यापर्यंत मुलग्यांना दिले जाऊ लागले. आमच्या वाड्यावर फ्रान्सिस्को-शावियेर असे जोडनाव असलेले दोघेतिघे तरी असत, आणि त्यांना हाक मारताना पहिला भाग गळून नुसता शावियेर उरे. झान-फ्रांस्वाझ द शांताल हिच्या नावाचे हेच झाले असावे.

फ्रेंचांकडे अशी पुरुषांची नावे बरीच आहेत. ग्झाव्हिये तर आहेच. झां-फ्रांस्वा रेजी या जेझुइटामुळे रेजी आले, आर्सच्या धर्मगुरूमुळे व्हियाने आले. पण बाईच्या बाबतीत हे क्वचितच घडलेले दिसते. आमच्याकडे बायकांना लुर्दिश, फातिमा, पियेदाद, मिलाग्रिस अशी नावे मिळतात, पण ती सारी सायबिणीची, म्हणजे मरियेची, बिरुदे आहेत. एका हाडामांसाच्या बाईची सासरची जहागीर दुसऱ्या बायकांचे नाव होणे, हे शांतालचे वैशिष्ट्य लेखात आणखी ठळकपणे यायला हवे होते. माहेरचे फ्रेमियो हे नाव मात्र कुणी मुलीला ठेवलेले ऐकिवात नाही.

नामवेध

मांडवीतीर, तुमचे शेवटचे वाक्य मी लेखात घेतले असते तर बरे झाले असते. तिच्या वडिलांचे, बेनिन्य फ्रेमियो यांचे, बरगंडीच्या पार्लमांमध्ये, म्हणजे तेथील उच्च न्यायसभेत, मोठे स्थान होते. तरी नाव उरले ते नवऱ्याच्या गढीचे.

साशंक

धागाकर्त्यांचा जिन्याचा सिद्धांत ऐकायला सुबक आहे, पण त्याने सगळे उलगडते असे मला वाटत नाही. चित्रपट दिग्दर्शिका शांताल आकेरमान १९५० मध्ये ब्रसेल्समध्ये जन्मली. तिचे आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू होते, आई आउश्वित्झमधून वाचलेली होती. असे घर आपल्या मुलीला कॅथलिक संघसंस्थापिकेचे नाव देते, तेव्हा ते संताच्या भक्तीपोटी देत नाही आणि खानदानी कॅथलिकांची नक्कल म्हणूनही देत असेल असे मला वाटत नाही. १९५० मध्ये ब्रसेल्सच्या रस्त्यावर ते नुसते चालू काळाचे, स्थानिक आणि छान वाटणारे नाव होते. परक्या मुलखात मुलीला सामावून घेणारे. विचारवंत शांताल मूफ हीदेखील बेल्जियमचीच, १९४३ ची. गायिका शांताल गोया १९४२ मध्ये सायगावात जन्मली. तिघींच्या घरांत साम्य काहीच नाही, साम्य आहे ते काळात.

माझ्या मते नाव पसरले ते त्याच्या नादामुळे. त्या पिढीची निकोल, मोनिक, मार्तीन ही नावे पाहा : आखूड, दोन अवयवांची. आधीच्या पिढीची मार्गरीत, जेर्मेन, मादलेन ही नावे तेव्हा म्हातारी झाली होती. शांतालमध्ये नवेपणा होता आणि तरीही चर्चच्या दिनदर्शिकेत आधार होता. हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण १ एप्रिल १८०३ च्या कायद्यानुसार फ्रान्समध्ये दिनदर्शिकांत असलेली किंवा प्राचीन इतिहासातली नावेच नोंदवून घेण्याचा दंडक होता. १९६६ मध्ये तो सैल झाला आणि १९९३ मध्ये उठला. म्हणजे ज्या आईबापांना नवे नाव हवे होते त्यांना ते जुन्याच पेटीतून काढावे लागे. शांताल हे त्या पेटीतले न वापरलेले नाव होते.

जाता जाता : आकेरमानच्या ज्या चित्रपटाला २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड'च्या समीक्षकांनी सर्वकालीन यादीत पहिला क्रमांक दिला, त्याच्या नायिकेचे नाव झान आहे. दिग्दर्शिका शांताल आणि नायिका झान. योगायोगच, पण या धाग्यावर तो नोंदवला नाही तर कुठे नोंदवणार?

नामवेध

साशंक यांचा कायद्याचा मुद्दा पूर्ण मान्य. नादाचा अर्धाच मान्य, कारण नाद हाच निकष असता तर तो आवडून घेण्याचा क्रम सगळ्या थरांत एकाच वेळी दिसायला हवा होता. शांताल आवडली ती आधी काही घरांना आणि नंतर इतरांना. आकेरमान कुटुंबापर्यंत ती पोहोचली तेव्हा तिच्यावरचा संताचा शिक्का पुसला गेला होता, हे तुमचेच उदाहरण सांगते, आणि ते माझ्या म्हणण्याला पूरकच आहे.

झानवरून एक सांगावेसे वाटते. १९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये मारीखालोखाल झान हेच नाव मुलींना दिले जाई. ते मागे पडले, आजीचे नाव झाले, आणि आता एकविसाव्या शतकात लुईझ, रोझ, आलीस यांच्यासोबत ते पुन्हा बालवाड्यांत आले आहे. त्यामुळे आजच्या फ्रान्समध्ये नातीचे नाव झान आणि आजीचे शांताल, असे घर सहज सापडेल. संताचे खरे नाव तरुण झाले आणि तिच्या सासरचे नाव म्हातारे. पणजीचे नाव कानाला पुन्हा गोड लागायला साधारण शंभर वर्षे जावी लागतात, असे तिकडचे अभ्यासक म्हणतात. आजीचे नाव मात्र फार जवळचे असते.

लाइपझिगवासी

जर्मनीत शांतालचे जे झाले ते वाचून धागाकर्त्यांचा जिना आणखी दोन मजले खाली जाईल. इकडे हे नाव फ्रान्सपेक्षा एक पिढी उशिरा आले. पूर्व जर्मनीत प्रवासावर बंदी असतानाच्या काळात मॅन्डी, पेगी, जॅकलीन, निकोल अशी परदेशी नावे मुलींना मोठ्या हौसेने दिली जात. शांतालची चलती त्यानंतर, १९९० च्या दशकात झाली, आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडे झाली. ज्यांनी ती ठेवली त्यांच्या मनात पॅरिस होते. ज्यांनी ती ऐकली त्यांनी मात्र तिला 'शान्टाल' केले, 'शा' वर भर देऊन, आणि कमी शिकलेल्या, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरातली आरडाओरडा करणारी मुलगी अशी तिची प्रतिमा उभी केली. त्यासाठी 'शान्टालिस्मुस' असा शब्दही तयार झाला, मुलग्यांसाठी 'केविनिस्मुस' आहे तसाच.

हे केवळ थट्टेवारी नेण्यासारखे नाही. ओल्डेनबुर्ग विद्यापीठात २००९ मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या मनातील नावांविषयीच्या ग्रहांचा अभ्यास झाला. शार्लोटे, मारी, याकोब अशा नावांची मुले शिक्षकांना हुशार आणि गुणी वाटत होती, तर केविन, जस्टिन, मॅन्डी, शांताल ही नावे दिसली की अभ्यासात कच्ची आणि वर्तनाने त्रासदायक. एका शिक्षकाने तर प्रश्नावलीवर लिहिले होते की केविन हे नाव नव्हे, ते निदान आहे. ते वाक्य पुढे सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. त्यानंतर २०१३ च्या 'फाक यु गोएथे' या तुफान चाललेल्या विनोदी चित्रपटात वर्गातली सर्वांत ढ आणि सर्वांत लाडकी मुलगी शांताल होती. २०२४ मध्ये तिला मध्यवर्ती ठेवून स्वतंत्र चित्रपटही आला.

आमच्या मुलीच्या बालवाडीत कोट अडकवायच्या खुंट्यांवर नावांच्या चिठ्ठ्या आहेत : फ्रीडा, मातिल्डे, एम्मा, पाउला, शार्लोटे. शांताल नाही, मॅन्डीही नाही. या चिठ्ठ्या वाचल्या की कुणाचे आईबाप काय करतात याचा अंदाज मला इकडे बऱ्यापैकी बांधता येतो, आणि तो बांधता येतो याचीच लाज वाटते. महाराष्ट्रात आडनाव ऐकताच आपण जे करतो ते इकडे पाळण्यातल्या नावावर चालते.

गंमत एवढीच की फ्रेंचांनी 'मारी-शांताल' म्हणून जिची खिल्ली उडवली ती श्रीमंतांची बावळट मुलगी होती, आणि जर्मनांनी 'शान्टाल' म्हणून जिची उडवली ती गरिबांची. नाव एकच, टोमणा मारणारे प्रत्येक वेळी मधल्या वर्गातले.

साशंक

लाइपझिगवासी, तुमच्या शेवटच्या वाक्यापुढे मी माझा नाद मागे घेत नाही, पण आवाज जरा कमी करतो.

मेपलची_सावली

माँट्रियलहून लिहिते. क्युबेकमध्ये शांताल फ्रान्सपेक्षा जरा उशिरा बहरली आणि इथे तिला ना श्रीमंतीचा वास आहे ना गरिबीचा. साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेल्या बायकांचे हे साधेसरळ नाव आहे. चाकांच्या खुर्चीवरील शर्यतींत चौदा पॅरालिम्पिक सुवर्णपदके मिळवणारी आणि पुढे सिनेटर झालेली शांताल पेतीक्लेर १९६९ ची. माझ्या कार्यालयातल्या दोन शांताल पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. एकीला मी 'मारी-शांताल'चा टोमणा सांगितला तर तिला तो मुळीच माहीत नव्हता.

इंग्रजी मुलखात गेल्यावर तिचे स्पेलिंग बदलते. शँटेल, शांटेल अशी कैक रूपे १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत, लोकप्रिय झाली. तिथे फ्रेंचपणाची फक्त झुळूक उरली होती, संताचा तर मागमूसही नव्हता. याउलट मध्य आणि पश्चिम आफ्रिकेत, जिथे फ्रेंच आणि कॅथलिक धर्म दोन्ही मिशनऱ्यांच्या शाळांतून पोहोचले, तिथे शांताल हे बाप्तिस्म्याचे नाव म्हणून टिकले. कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी शांताल बिया आहेत, आणि बुर्किना फासोच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी शांताल कांपाओरे. माँट्रियलमध्ये आज तिशीतली शांताल भेटली तर ती बहुधा किन्शासा किंवा याउंदेहून आलेल्या घरातली असते. मूळ प्रतिष्ठा जिथे अजून शिल्लक आहे ते ठिकाण शोधायचे तर ते पॅरिसमध्ये नाही, तिकडे आहे.

चिंचेचे_पान

माझ्या प्रश्नामागचे कारण आता सांगतो. आतेबहीण लियोंला असते, तिला मुलगी होणार आहे आणि घरच्यांना चालेल, तिकडच्यांनाही म्हणता येईल असे नाव ती शोधते आहे. आत्याने 'शांतला' सुचवले. तिकडचे लोक त्याचे शांताल करतील की काय?

नामवेध

नक्कीच करतील, निदान पहिल्या भेटीत. कायद्याची अडचण काहीच नाही. १९९३ नंतर नोंदणी अधिकारी नाव लिहून घेतो आणि ते मुलीच्या हिताला बाधक वाटले तरच सरकारी वकिलाला कळवतो. पण शाळेत हजेरी घेताना शिक्षकांना आपल्या आजीची आठवण येईल आणि दवाखान्यातल्या परिचारिकेला बाळाचे मालिश आठवेल. आत्याबाईंचा आग्रह फारच असेल तर दुसऱ्या नावाच्या जागी शांतला घालता येईल; फ्रान्समध्ये जन्मनोंदीत दोनतीन नावे लिहिण्याची पद्धत आहेच, आणि रोजच्या वापरात पहिलेच येते. पहिल्यासाठी मीरा, माया, लीला यांपैकी काही पाहा. लीला तर तिकडच्या बालवाड्यांत आधीपासूनच आहे, आणि तिथे तिच्या आईबापांना कुणी कुठले म्हणून विचारत नाही.